सवलतींची साठ वर्षे

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे जुन्या औरंगाबादच्या, छावणीत सरकारी पैसा कशावर खर्च होतो हे समजायला फारसा अभ्यास लागत नाही. निजामाच्या काळात हैदराबाद कंटिन्जंटच्या पलटणी इथे राहिल्या. आज भारतीय सैन्य आहे, आणि महाराष्ट्रातल्या सात कटक मंडळांपैकी एक इथला नागरी कारभार पाहते. रस्त्यावरचे दिवे, साफसफाई, गुरुवारच्या बाजाराची जागा यांवरच्या खर्चाला कोणी ‘मदत’ म्हणत नाही. देशाचे रक्षण आणि गावाच्या सोयी हे सरकारचे कामच आहे. त्यातून एखाद्याच्याच धंद्याला बळ मिळाले आणि दुसऱ्याचा बुडाला, असे होत नाही.

नगर नाका ओलांडून वाळूजच्या रस्त्याला लागले की हाच प्रश्न अवघड होतो. दोन्ही बाजूंना कारखाने उभे आहेत. त्यांच्यात मालकांचे भांडवल आहे, कामगारांची उमेद आहे आणि जनतेचाही पैसा आहे. हा पैसा म्हणजे मागास भागाला दिलेला न्याय, सेवेचा मोबदला, की एका उद्योगावर केलेली मेहेरबानी? साठ वर्षांत या प्रश्नाचे उत्तर आपण कसकसे दिले, आणि कुठे दिलेच नाही, हे आता पाहायला हवे.

सुरुवात न्यायापासून झाली, हे आधी नोंदवले पाहिजे. 1962 च्या ऑगस्टमध्ये एमआयडीसी स्थापन झाली. 1964 मध्ये राज्याने सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. उद्योजक आणि सनदी लेखापाल तिला ‘पीएसआय’ म्हणूनच ओळखतात. मुंबई, ठाणे आणि पुणे या पट्ट्यात साचलेले उद्योग राज्यभर पसरावेत, हा तिचा उद्देश होता. 1966 मध्ये सिकॉम हे राज्याचे औद्योगिक गुंतवणूक महामंडळ आले आणि सवलती वाटण्याचे काम त्याच्याकडे गेले. पुढे तालुक्यांची ए, बी, सी, डी अशी वर्गवारी झाली, नंतर ‘डी प्लस’ आले. भाग जितका मागास, तितकी सवलत मोठी.

मराठवाड्याला याची गरज होती. 1983 मध्ये नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने पुढच्या वर्षी राज्याच्या विकासाचा अनुशेष आकड्यांत मांडला. एकूण सुमारे 3,187 कोटी रुपयांपैकी जवळपास चौथा हिस्सा एकट्या मराठवाड्याचा निघाला. बंदर दूर, रेल्वे मीटर गेज, कुशल कामगार कमी. अशा ठिकाणी कारखाना काढणाऱ्याला जे जास्तीचे सोसावे लागते, त्याची भरपाई करण्यात काहीही गैर नव्हते. मी त्या धोरणाच्या बाजूने आहे, आणि पुढचे सारे त्याच बाजूने लिहितो आहे.

आपली योजना येण्याच्या काही वर्षे आधी युरोपातल्या सहा देशांनी 1957 च्या रोम करारात नेमक्या याच विषयावर एक कलम घातले होते. आज ते युरोपीय संघाच्या करारातले कलम 107 आहे. सरकारी मदत ओळखण्याच्या त्याच्या खुणा चार. पैसा सरकारी असावा, मग तो रोख दिलेला असो वा सोडून दिलेला कर असो. घेणाऱ्याला बाजारात मिळाला नसता असा फायदा मिळावा. तो सर्वांना न मिळता निवडक उद्योगांनाच मिळावा. आणि त्यामुळे स्पर्धेला व देशांमधल्या व्यापाराला धक्का लागावा. चारही खुणा जुळल्या तर ती मदत, आणि ती मुळात निषिद्ध. मात्र राहणीमान फार खालावलेल्या भागांसाठी त्याच कलमात सूट आहे. म्हणजे मागास भागाला हात देणे तिथेही मान्यच आहे; फक्त मदत देण्याआधी युरोपीय आयोगाला कळवावे लागते, कमाल मर्यादा पाळावी लागते आणि नियम मोडला तर पैसा व्याजासह परत घेतला जातो.

आपल्याकडे वर्गवारी आली, दरपत्रक आले, पण देणाऱ्याला प्रश्न विचारणारा कोणी आला नाही.

1985 च्या नोव्हेंबरात राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते वाळूजच्या बजाज ऑटो कारखान्याचे उद्घाटन झाले. सोळा महिन्यांत तो उभा राहिला होता. त्याच्या मागोमाग सुटे भाग बनवणारे लघुउद्योग आले, बजाजनगरची वस्ती आली, आणि शेतीवर भागत नसलेल्या घरांतली मुले पाळीवर जाऊ लागली. सरकारने उद्योगाला हात दिला की मुलखाचे रूप पालटू शकते, याचा याहून ठळक दाखला मराठवाड्यात नाही.

त्या काळातली सर्वांत मोठी सवलत विक्रीकराची होती. काही उद्योगांना करमाफी मिळे, काहींना डिफरल. डिफरलमध्ये कारखाना ग्राहकाकडून कर वसूल करी, पण सरकारकडे लगेच भरत नसे. काही वर्षे तो बिनव्याजी वापरून मग हप्त्याने फेडी. अर्थसंकल्पात हा खर्च म्हणून दिसत नाही, कारण तिजोरीतून काही बाहेर गेलेलेच नसते. जे यायचे ते उशिरा येते, एवढेच.

त्याची किंमत किती, हे 2002 मध्ये एका वेगळ्याच वाटेने उघड झाले. पुढच्या हप्त्यांच्या आजच्या मूल्याइतकी रक्कम एकदम भरून मोकळे होण्याची मुभा राज्याने दिली. सुल्झर इंडिया या कंपनीवर डिफरलमधला सुमारे 7 कोटी 52 लाखांचा विक्रीकर देणे होता. तिने 3 कोटी 37 लाख भरले आणि देणे संपले. उरलेले 4 कोटी 15 लाख हे कंपनीचे उत्पन्न मानून त्यावर आयकर लावावा का, हा वाद न्यायाधिकरण आणि उच्च न्यायालयातून पुढे गेला. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकृष्ण इंडस्ट्रीजच्या निकालात अशा फरकाला करपात्र उत्पन्न मानण्यास नकार दिला. कायद्याने ते योग्यच असेल. पण न्यायालयापुढे प्रश्न कंपनीच्या आयकराचा होता. जनतेला ही सवलत कितीला पडली आणि तिच्या बदल्यात काय मिळाले, हा प्रश्न कोणी कोणापुढे नेलाच नाही.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्याच्या चाफळकर ब्रदर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मल्टिप्लेक्सना मिळालेल्या करमणूक कराच्या सवलतीचा विचार केला. सवलत कोणत्या रूपात दिली ते पाहू नका, ती कशासाठी दिली ते पाहा, असा त्या निकालाचा आशय. भारतीय कायद्यात मदतीची पारख करण्याची जी काही परंपरा आहे, ती ही ‘उद्देशाची कसोटी’. पण ती आयकरापुरती आहे. संविधानाचे कलम 282 सरकारला सार्वजनिक हितासाठी अनुदान देण्याची मोकळीक देते. 2002 चा स्पर्धा कायदा कंपन्यांच्या वर्तनाकडे पाहतो, राज्य सरकारच्या सवलतींची पूर्वतपासणी करत नाही. त्यामुळे या सवलतींची खरी तपासणी झाली ती परदेशात.

1995 मध्ये जागतिक व्यापार संघटना आली आणि तिच्यासोबत सबसिडीचा करार. त्याच्या खुणा तीन: सरकारचा आर्थिक हातभार, त्यातून लाभ, आणि तो लाभ ठरावीक उद्योगांना किंवा ठरावीक भागाला असणे. भारतातून जाणाऱ्या पॉलिएस्टर फिल्मवर 1999 मध्ये युरोपीय संघाने प्रतिकारी शुल्क, म्हणजे सबसिडीचा फायदा पुसून टाकणारे आयात शुल्क, लावले. 2002 मध्ये अमेरिकेने लावले. चौकशीत वाळूजची गरवारे पॉलिएस्टर होती. अमेरिकेने तिच्यासाठी सुमारे 24 टक्के दर काढला. यातला मोठा वाटा केंद्राच्या निर्यात योजनांचा होता, पण महाराष्ट्राच्या विक्रीकर सवलतीही तपासल्या गेल्या आणि त्या सबसिडी ठरल्या. कारण काय? त्या राज्यातल्या ठरावीक भागांपुरत्या आहेत. मुंबई-पुण्याला नाही, मराठवाड्याला आहे, म्हणून आपण जी सवलत न्याय्य मानली, तिच्याविरुद्ध तिथे तोच पुरावा ठरला.

यातली खरी हळहळ वेगळी आहे. त्याच कराराच्या आठव्या कलमात मागास भागांसाठी संरक्षण होते. भाग स्पष्ट आखलेला हवा, निकष तटस्थ हवेत, दरडोई उत्पन्न देशाच्या सरासरीच्या 85 टक्क्यांहून जास्त नको किंवा बेरोजगारी सरासरीच्या किमान 110 टक्के हवी, आणि भागातल्या सर्वांना ती मदत खुली हवी. हे कलम 1999 च्या अखेरीस संपले. ते टिकावे म्हणून भांडण्याचे कारण मराठवाड्याइतके क्वचितच कोणाला असेल. पण या कलमाची चर्चा आपल्याकडे झालीच नाही.

देशातही राज्याराज्यांत चढाओढ लागली होती. ती थांबवण्यासाठी राज्यांनी एकमताने 1 जानेवारी 2000 पासून विक्रीकराच्या नव्या सवलती बंद केल्या. शेजाऱ्याचा कारखाना पळवण्यासाठी आपलाच महसूल जाळायचा नाही, असा तो शहाणपणाचा करार होता. तो फार काळ टिकला नाही. महाराष्ट्राच्या 2007 च्या योजनेत ‘औद्योगिक प्रोत्साहन अनुदान’ आले. आता कर आधी भरायचा आणि मग अनुदान म्हणून परत घ्यायचा. 2013 आणि 2019 च्या योजनांत तेच सूत्र राहिले, जीएसटी आल्यावर फक्त कराचे नाव बदलले. सोबत ‘मेगा’ आणि ‘अल्ट्रा मेगा’ प्रकल्प आले, ज्यांच्यासाठी खास पॅकेज मंत्रालयात ठरते. इथे एक मोठा बदल झाला. ‘डी प्लस’ तालुक्यातल्या कोणालाही मिळणारी सवलत हा नियम असतो. एका कंपनीशी बसून ठरवलेली सवलत हा सौदा असतो, आणि सौद्याला जास्त कडक तपासणी लागते.

दरम्यान शहराने दुसऱ्या प्रकारचा धडा घेतला. केंद्राच्या 2005 च्या लहान व मध्यम शहरांसाठीच्या योजनेतून जायकवाडीहून समांतर जलवाहिनी मंजूर झाली. त्या योजनेत 80 टक्के पैसा केंद्राचा, 10 राज्याचा आणि 10 महापालिकेचा असे. पुढे काम खासगी भागीदारीत गेले, खर्च 792 कोटींवर पोचला, 2011 मध्ये वीस वर्षांचा करार झाला आणि 2014 मध्ये शहराचा पाणीपुरवठा कंपनीच्या हाती आला. 2016 मध्ये महापालिकेने करार रद्द केला. पाणीपट्टी मात्र वर्षाला 4,050 रुपयांवर गेली होती; 2022 मध्ये ती निम्मी करावी लागली. आजची नवी योजना 2,740 कोटींची आहे आणि तिच्यावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला लक्ष ठेवावे लागले.

अशा व्यवहारासाठी युरोपच्या न्यायालयाने 2003 मध्ये आल्टमार्क नावाच्या बस कंपनीच्या खटल्यात चार अटी सांगितल्या होत्या. कंपनीने करायची सेवा स्पष्ट लिहिलेली असावी. पैसे कसे मोजायचे हे आधीच ठरलेले असावे. खर्च आणि वाजवी नफा यांपेक्षा जास्त देऊ नये. आणि कंपनी खुल्या निविदेने निवडावी, नाहीतर चांगल्या चाललेल्या कंपनीचा खर्च प्रमाण मानावा. चारही पाळल्या तर तो मोबदला. नाहीतर ती मदत. समांतरच्या वादात महासभेत, मोर्चात आणि न्यायालयात जे जे बोलले गेले, ते फिरून फिरून याच चार मुद्द्यांवर येत होते: किती पाणी, कधी, कितीला आणि कशाच्या आधारे? हे प्रश्न करारावर सही होण्याआधी जाहीरपणे सुटले असते, तर शहराची इतकी वर्षे गेली नसती.

तिसरा प्रकार जालना रस्त्यावर आणि पैठण रस्त्यावर दिसतो. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीत एमआयडीसीने जमीन दिली, केंद्राने पैसा घातला. 2019 च्या सप्टेंबरमध्ये शेंद्र्याचे आणि 2024 च्या सप्टेंबरमध्ये 7,855 एकरांच्या बिडकीनचे लोकार्पण पंतप्रधानांनी केले. रस्ते, वीज, पाणी, सांडपाणी प्रक्रिया ही व्यवस्था कोणत्याही उद्योगाला सारख्या दराने मिळणार असेल, तर ती सरकारने बांधलेली सोय आहे आणि ती बांधलीच पाहिजे. भूखंडाचा दर एखाद्या कंपनीसाठी वेगळा ठरला, की त्या फरकाइतकी ती मदत होते. 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्याशी सुमारे 20,000 कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला. असे उद्योग यावेत, मराठवाड्यातली मुले पुण्याला न जाता इथेच कामाला लागावीत, ही माझीही इच्छा आहे. म्हणूनच त्यांना काय देऊ केले ते लोकांना माहीत असावे.

साठ वर्षांचा निष्कर्ष साधा आहे. मागास भागाला मदत करण्याचा निर्णय बरोबर होता आणि आजही आहे. चूक मोजमाप न ठेवण्यात झाली. त्यामुळे परदेशी चौकशीत आपली बाजू मांडताना हातात आकडे नव्हते, आणि मराठवाड्याला ‘इतके दिले’ असे म्हणणाऱ्यांना उत्तर देतानाही नाहीत.

यासाठी नवा कायदा हवाच असे नाही. माहिती अधिकार कायदा 2005 च्या कलम 4 नुसार प्रत्येक सरकारी कार्यालयाने अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करायचा आहे. उद्योग संचालनालयाने प्रत्येक देकार पत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि दिलेली रक्कम जिल्हावार जाहीर करावी. सोबत कबूल केलेले आणि प्रत्यक्ष मिळालेले रोजगार द्यावेत. वाचकांनीही पुढच्या वेळी एखाद्या प्रकल्पाची घोषणा ऐकली की चार प्रश्न विचारावेत: पैसा कोणाचा, फायदा कोणाला, तो बाकीच्यांना का नाही, आणि दिलेला शब्द मोडला तर परत काय मिळणार? हे विचारल्याने उद्योग पळून जात नाहीत. उत्तरे असलेली मदतच टिकते, आणि मराठवाड्याला टिकणाऱ्या मदतीची गरज आहे.