नेत्रचिकित्सेचे परदेशी प्रशिक्षण : कोणती दारे उघडी, कोणती बंद

शालाक्यतंत्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण वैद्य अलीकडे वारंवार विचारतात, “सर, नेत्रचिकित्सेच्या प्रशिक्षणासाठी परदेशी जाता येईल काय?” प्रश्न रास्त आहे. मात्र उत्तर देताना त्यांना खोटी आशा लावणे योग्य नव्हे.

आंतरराष्ट्रीय नेत्रविज्ञान परिषदेने २००१ पासून विकसनशील देशांतील तरुण नेत्रतज्ज्ञांना शिष्यवृत्त्या देण्यास प्रारंभ केला. साधारणतः तीन महिने परदेशातील नामांकित नेत्रकेंद्रात काम करावयाचे व शिकलेले मायदेशी आणावयाचे, असे तिचे स्वरूप आहे. येथे आधुनिक नेत्रविज्ञानातील पात्रता अपेक्षित असते. आमची शालाक्याची पदवी तेथे ग्राह्य धरली जात नाही. नोव्हेंबर २०२० मधील भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेच्या अधिसूचनेत शालाक्याच्या पदव्युत्तरांसाठी मोतिबिंदू शस्त्रक्रियेचा नामनिर्देश झाला. त्यावरून केवढे वादंग माजले, हे वाचकांस स्मरत असेलच. परंतु ती अधिसूचना भारतापुरती आहे, हे एजंटांच्या जाहिराती वाचताना विसरू नये.

गंमत अशी की, जग मात्र शिकण्यासाठी आपल्याकडे येते! डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी निवृत्तीनंतर १९७६ मध्ये मदुराई येथे अवघ्या ११ खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली होती, तरीही त्यांनी सहस्रावधी शस्त्रक्रिया केल्या. तेथील ‘लायको’ ही संस्था १९९२ पासून देशोदेशींच्या नेत्ररुग्णालयांतील डॉक्टर, व्यवस्थापक व तंत्रज्ञ यांना घडवीत आहे. लहान छेदाची, टाके न घालता होणारी, कमी खर्चाची मोतिबिंदू शस्त्रक्रिया शिकण्यास आफ्रिकेतील शल्यविशारद मदुराईस येतात. काठमांडूची तिलगंगा संस्थाही (स्थापना १९९४) याच कारणाने प्रसिद्ध आहे. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात ७६ नेत्ररोग वर्णिले व लिंगनाशाचा वेध सांगितला, हा अभिमान आपण बाळगतोच. परंतु वेधात अपारदर्शक भिंग डोळ्यातच मागे ढकलले जाई, आज ते काढून कृत्रिम भिंग बसवितात, हा भेद रुग्णाला स्पष्ट सांगितलाच पाहिजे.

मग सामान्य वैद्यांस काय उपलब्ध आहे? लंडनच्या स्वच्छता व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाचे नेत्रआरोग्यविषयक खुले अभ्यासक्रम, तसेच उडते नेत्ररुग्णालय चालविणाऱ्या ‘ऑर्बिस’चे ‘सायबरसाइट’ हे शिक्षणपीठ. दोन्हीकडे घरबसल्या इंग्रजीतून विनामूल्य शिकता येते. शस्त्रक्रियेचा परवाना त्यातून मिळत नाही. परंतु काचबिंदू व मधुमेहजन्य दृष्टिपटलविकार वेळीच ओळखण्याची दृष्टी निश्चित येते. माझ्या मते आपल्या व्यवसायात याचेच मोल अधिक आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी ना तर्पणाने परत येते, ना शस्त्राने. त्यामुळे चाळिशीनंतरचा रुग्ण, विशेषतः घरात काचबिंदूचा इतिहास असलेला, चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो म्हणत आला, तर अंजनाची चिठ्ठी लिहिण्याआधी नेत्रदाब तपासून घ्यावा.

औषधविक्रेते बंधूंनाही एक विनंती. डोळे लाल झाले की स्टिरॉइडचे थेंब मागणारे ग्राहक आपणांस रोज भेटतात. हे थेंब दीर्घकाळ घातल्यास कित्येकांचा नेत्रदाब वाढतो, आणि रुग्णाला दुखत नसल्याने ते कळतही नाही. जुनी चिठ्ठी दाखवून तीच बाटली पुन्हा मागितली, तर ती न देता ग्राहकाला तपासणीस पाठवावे.