पूलच्या टेबलाकडून पोकरच्या टेबलाकडे : व्यावसायिक खेळाडूंच्या उपजीविकेतील एक स्थित्यंतर

प्रस्तावना

खेळाचा विचार आपल्याकडे बहुधा छंद, आरोग्य किंवा राष्ट्रीय प्रतिष्ठा या अंगांनी केला जातो. पोट भरण्याचे साधन म्हणून खेळाकडे पाहण्याचा प्रघात तुलनेने कमी आहे. या दृष्टीने अमेरिकेतील पूल या खेळाचे व्यावसायिक खेळाडू अभ्यसनीय ठरतात. तारुण्याची उमेदीची वर्षे एकाच कौशल्यावर खर्च केलेल्या या खेळाडूंपैकी काहींनी ते कौशल्य बाजूला ठेवून पोकर हा पत्त्यांचा खेळ उपजीविकेसाठी पत्करला. प्रस्तुत लेखात तीन प्रश्नांचा विचार केला आहे. पूलमधील प्रावीण्य पोटापुरते उत्पन्न का देऊ शकले नाही? पोकरने ते देण्याची आशा कशामुळे निर्माण केली? आणि एका खेळातील कमावलेले गुण दुसऱ्या खेळात कितपत उपयोगी पडतात?

महाराष्ट्रातील वाचकांना जिमखान्यांमुळे बिलियर्ड्स व स्नूकर परिचित आहेत. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धेचे विजेतेपद मिळवले होते. पूल हा त्याच कुळातील खेळ असून त्याचे टेबल लहान आणि खिसे अधिक रुंद असतात. ‘नाइन-बॉल’ या प्रकारात टेबलावरील सर्वांत लहान क्रमांकाच्या चेंडूला प्रथम स्पर्श करावा लागतो आणि नियमानुसार ९ क्रमांकाचा चेंडू खिशात घालणारा डाव जिंकतो.

कौशल्य मोठे, मिळकत तुटपुंजी

पूलच्या व्यावसायिक खेळाडूचे उत्पन्न परंपरेने दोन मार्गांनी येत असे : स्पर्धांतील बक्षिसे आणि पैजेचे सामने. स्पर्धांच्या बाबतीत प्रवास, निवास व प्रवेशशुल्क यांचा खर्च खेळाडूलाच करावा लागे आणि वरच्या काही क्रमांकांखेरीज इतरांच्या हाती फारसे काही लागत नसे.

पैजेच्या सामन्यांची अडचण याहून मूलभूत स्वरूपाची होती. नेड पोल्स्की या समाजशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पूलगृहांतील ‘हसलर’ मंडळींचा, म्हणजे आपले खरे कौशल्य लपवून पैजेवर खेळणाऱ्या खेळाडूंचा, अभ्यास मांडला आहे. या व्यवसायात उत्तम खेळता येणे पुरेसे नसते. आपण किती उत्तम खेळतो हे प्रतिस्पर्ध्याला कळू न देणे तितकेच महत्त्वाचे असते. नावलौकिक हा इतर व्यवसायांत भांडवल ठरतो, परंतु येथे तो अडसर ठरतो. ज्याचे नाव झाले, त्याच्याशी पैज लावण्यास कोणी धजत नाही. मग दुबळ्या खेळाडूला सवलत द्यावी लागते, उदाहरणार्थ, ९ ऐवजी ८ क्रमांकाचा चेंडू घालूनही डाव जिंकण्याची मुभा. सवलत जितकी न्याय्य, तितका बलवान खेळाडूचा लाभ कमी, असा हा पेच आहे.

स्पर्धांतून हा पेच सोडवण्याचा एक भव्य प्रयत्न २००५ मध्ये केव्हिन ट्रूडो यांच्या ‘इंटरनॅशनल पूल टूर’ या उपक्रमाने केला. २००६ मध्ये लास व्हेगास येथील स्पर्धेत जर्मनीच्या थॉर्स्टन होहमान यांना साडेतीन लाख डॉलरचे, तर त्याच वर्षी रीनो येथील स्पर्धेत फिलिपाइन्सच्या एफ्रेन रेयेस यांना पाच लाख डॉलरचे पहिले बक्षीस जाहीर झाले. पूलच्या इतिहासात हे आकडे अभूतपूर्व होते. परंतु रीनोच्या स्पर्धेनंतर बक्षिसांची रक्कम ठरल्याप्रमाणे देता येत नसल्याचे खेळाडूंना कळवण्यात आले आणि पुढे ती हप्त्याहप्त्याने देण्याची वेळ आली. जगातील सर्वोत्तम खेळाडूलाही जिंकलेल्या पैशांची वाट पाहावी लागते, हा अनुभव या व्यवसायाची आर्थिक अवस्था पुरेशी स्पष्ट करतो.

पोकरची भरभराट

याच काळात पोकरचे चित्र नेमके उलट होते. २००३ मध्ये टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर या लेखापालाने इंटरनेटवरील अल्प शुल्काच्या पात्रता फेरीतून ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’च्या दहा हजार डॉलर शुल्काच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळवला आणि ८३९ स्पर्धकांतून २५ लाख डॉलरचे पहिले बक्षीस पटकावले. २००६ मध्ये त्याच स्पर्धेत ८,७७३ स्पर्धक उतरले आणि पहिले बक्षीस एक कोटी वीस लाख डॉलरवर गेले. खेळाडूचे झाकलेले पत्ते प्रेक्षकाला दाखवणाऱ्या कॅमेऱ्यामुळे दूरचित्रवाणीवरही हा खेळ रंजक ठरला.

येथे एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. पोकरच्या स्पर्धेतील बक्षिसाचा निधी मुख्यतः स्पर्धकांच्या प्रवेशशुल्कातूनच उभा राहतो. पुरस्कर्ता मिळो अथवा न मिळो, स्पर्धक वाढले की बक्षीस वाढते. पूलमध्येही प्रवेशशुल्क असतेच, परंतु तेथे हजारो सामान्य खेळाडू विजेत्यासमोर उभे राहण्यासाठी मोठी रक्कम मोजत नाहीत. हा फरक का पडतो, याचे उत्तर दोन्ही खेळांच्या स्वरूपात दडलेले आहे.

दैवाचा अंश आणि कौशल्याची किंमत

समजा, नाइन-बॉलमध्ये एखादा खेळाडू प्रत्येक डाव जिंकण्याची शक्यता ६० टक्के आहे. प्रत्येक डाव स्वतंत्र मानल्यास, प्रथम नऊ डाव जिंकण्याच्या सामन्यात तो विजयी होण्याची शक्यता सुमारे ८० टक्के होते. म्हणजे डावागणिक लहान दिसणारी तफावत एका संध्याकाळीच निर्णायक ठरते. शिवाय हरणाऱ्याला आपण का हरलो हे डोळ्यांनी दिसते, कारण चेंडू त्याच्याकडून चुकलेला असतो.

पोकरमध्येही, ‘टेक्सास होल्डेम’ प्रकारात, पहिल्याच फेरीत सर्व पैसे लागले आणि एकाकडे दोन एक्के व दुसऱ्याकडे दोन राजे असले, तर एक्केवाला सुमारे ८० टक्के वेळा जिंकतो. टक्केवारी जवळजवळ तीच असली तरी तिचा अर्थ वेगळा आहे. पूलमधील ८० टक्के हे एका संध्याकाळच्या संपूर्ण सामन्याचे आहेत, तर पोकरमधील ८० टक्के हे एकाच डावाचे आणि तेही अत्यंत अनुकूल डावाचे. अशा डावातही पाचातून एकदा योग्य खेळणारा हरतो आणि दुबळा जिंकतो. दुबळ्याला ते आपले कौशल्य वाटते, आणि हरल्यास तो पत्त्यांना दोष देतो. दोन्ही स्थितींत तो पुन्हा टेबलाशी येतो.

यातून वरकरणी विपरीत वाटणारा निष्कर्ष निघतो. उपजीविकेच्या दृष्टीने शुद्ध कौशल्याच्या खेळापेक्षा दैव मिसळलेला खेळ कुशल खेळाडूला अधिक लाभदायक ठरू शकतो. दैव हे कौशल्यावरचे पांघरूण असते. पूलच्या हसलरला जे नाटक स्वतः वठवावे लागते, ते पोकरमध्ये पत्ते वठवतात.

काय बरोबर येते, काय मागे राहते

हे स्थित्यंतर २००३ नंतरच सुरू झाले असे नाही. १९७२ मध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ची मुख्य स्पर्धा जिंकणारे ‘अमारिलो स्लिम’ प्रेस्टन आणि १९७३ चे विजेते ‘पगी’ पिअरसन हे दोघेही आधी पूलच्या टेबलावर पैजा मारणारे होते. अलीकडचे ठळक उदाहरण फिलाडेल्फियाच्या जॉन हेनिगन यांचे आहे. पूलकडून पोकरकडे वळलेल्या हेनिगन यांनी २०१४ मध्ये पन्नास हजार डॉलर प्रवेशशुल्काची ‘पोकर प्लेअर्स चॅम्पियनशिप’ जिंकली आणि २०१८ मध्ये त्यांचा ‘पोकर हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला. इंग्लंडचे स्नूकरपटू जिमी व्हाइट यांनीही २००३ मध्ये ‘पोकर मिलियन’ ही स्पर्धा जिंकली, परंतु त्यांनी स्नूकर सोडले नाही.

अशा खेळाडूंबरोबर जे गुण येतात ते हाताचे नसून मनाचे असतात. पैसा पणाला लागलेला असताना चित्त स्थिर ठेवणे, प्रतिस्पर्ध्याची निवड करणे, त्याच्या देहबोलीतून त्याची घालमेल ओळखणे, रात्र-रात्र जागून एकाग्र राहणे आणि हरल्यावर वेळीच उठणे, हे धडे पूलगृहात आधीच गिरवलेले असतात. दुसऱ्याच्या भांडवलावर खेळून नफ्याची वाटणी करण्याची पद्धतही दोन्हीकडे सारखीच आहे.

मागे राहते ते मात्र सर्वांत कष्टाने कमावलेले : पांढऱ्या चेंडूवरील हुकमत, नजर, मनगट. त्याहून मोठी अडचण प्रतिसादाची आहे. पूलमध्ये फटका चुकला की तत्क्षणी कळते, तर पोकरमध्ये चुकीचा निर्णयही पैसे देऊन जातो. त्यामुळे निकालावरून स्वतःचे मूल्यमापन करण्याची पूलपटूची सवय येथे दिशाभूल करते. त्याला संभाव्यतेचे गणित नव्याने शिकावे लागते आणि दीर्घ काळ हरत राहण्यास पुरेल इतकी रक्कम राखून ठेवावी लागते.

स्थित्यंतराच्या मर्यादा

यशस्वी नावे लक्षात राहतात, परंतु काही महिन्यांत पैसे गमावून परत फिरलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. पोकरगृह प्रत्येक डावातून वा तासाच्या हिशेबाने आपला वाटा घेते. त्यामुळे सर्व खेळाडूंची एकत्रित बेरीज नेहमीच तोट्याची राहते आणि नफ्यात राहणारे अल्पसंख्यच असतात. शिवाय ही उपजीविका कायद्याच्या एका फटक्यावर अवलंबून असते. ऑक्टोबर २००६ मधील अमेरिकी कायद्याने ऑनलाइन जुगाराच्या पैशांच्या देवघेवीवर निर्बंध आणले. १५ एप्रिल २०११ रोजी प्रमुख संकेतस्थळांवर कारवाई झाली आणि अनेकांचे उत्पन्न व अडकलेली रक्कम एका दिवसात हातची गेली. भारतातही ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांना मनाई करणारा कायदा संमत केला. त्यात कौशल्याचा खेळ आणि दैवाचा खेळ हा भेद मानलेला नाही.

निष्कर्ष

पूलकडून पोकरकडे झालेले स्थलांतर केवळ लोभाने घडले, असे म्हणता येत नाही. कौशल्य कितीही दुर्मीळ असले तरी त्यासाठी मोल मोजणारा कोणी असल्याखेरीज त्यावर चूल पेटत नाही. पूलमध्ये तो प्रतिस्पर्धी कौशल्य उघड होताच दूर जातो आणि पोकरमध्ये तो दैवाच्या आशेने परत येतो. या आशेवरच पोकरपटूची उपजीविका उभी आहे, आणि म्हणूनच त्याचा नफा म्हणजे अपरिहार्यपणे दुसऱ्या कोणाचा तरी तोटा असतो. पूलची बक्षिसे वेळेवर व पुरेशी मिळाली असती तर यातील कितीजणांनी हातातील क्यू खाली ठेवली असती, हा प्रश्न खेळाडूंइतकाच खेळाच्या संघटकांनाही विचारला गेला पाहिजे.