अख्खी पुडी, अख्खं लिटर

पावसाळ्यात आशाताई घरोघर जलसंजीवनीच्या, म्हणजे ओआरएसच्या पुड्या वाटतात. जव्हारजवळच्या एका पाड्यावर अशाच एका ताईंबरोबर फिरत होतो. पुडी हातात टेकवून त्या पुढच्या घरी जात नव्हत्या. आधी साबणाने हात धुवायला लावायच्या, मग घरातलंच पातेलं मागायच्या. लिटरच्या बाटलीने मोजून पाणी त्यात ओतायच्या आणि पाणी कुठवर आलं, ते घरच्या बाईलाच बोट लावून दाखवायला सांगायच्या.

एका घरी दीड वर्षाच्या मुलाला सकाळपासून जुलाब होत होते. ताईंनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच जागेवर गेली. डोळे खोल गेले नव्हते, पोर खेळत होतं. म्हणजे घरी सांभाळता येण्यासारखं होतं.

“ताई, एवढंसं पोर लिटरभर कुठं पिणार?” आईने विचारलं. “वाटीत चिमूटभर टाकून देते की.”

“नाही वहिनी. अख्खी पुडी, अख्खं लिटर. चोवीस तासांनी उरलं तर ओतून द्यायचं, नवीन करायचं.”

आईने पुडी पातेल्यात रिकामी केली. भुकटी तळाशी बसली. ढवळता ढवळता एकेक कण दिसेनासा झाला आणि पातेल्याचा तळ स्वच्छ दिसू लागला. ताईंनी आधी आईलाच चव घ्यायला लावली, मग मुलाला चमच्याचमच्याने पाजायला सांगितलं.

ताईंच्या आग्रहामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. पुडीत 20.5 ग्रॅम ऐवज असतो: ग्लुकोज 13.5, मीठ 2.6, ट्रायसोडियम सायट्रेट 2.9 आणि पोटॅशियम क्लोराइड 1.5 ग्रॅम. पाण्यात क्षारांचे आयन सुटे होतात, ग्लुकोजचा रेणू मात्र अखंड राहतो. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींवर एक वाहक प्रथिन असतं. ते सोडियमचे दोन आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू जोडीनेच आत घेतं, आणि त्यांच्यामागोमाग पाणी आत जातं. कॉलऱ्यात आतडं भसाभस पाणी बाहेर टाकत असतं, तेव्हाही हा वाहक काम करत राहतो. पुडीतलं पोटॅशियम जुलाबावाटे गेलेली तूट भरतं, तर सायट्रेट रक्तात वाढलेली आम्लता कमी करतं.

एका लिटरमध्ये विरघळलेल्या या सगळ्या कणांची बेरीज 245 मिलिऑस्मोल होते. रक्तात ती साधारण 290 असते. द्रावण रक्तापेक्षा थोडं पातळ, म्हणून पाण्याची ओढ शरीराच्या आत राहते. तीच पुडी अर्ध्या लिटरमध्ये घातली तर बेरीज 490 वर जाते. मग शरीरातलंच पाणी आतड्यात ओढलं जातं, जुलाब वाढतात आणि रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला पोचू शकतं. उलट पाणी फार झालं तर गेलेले क्षार भरून निघत नाहीत. वाटीतल्या चिमटीत तर किती मीठ आणि किती ग्लुकोज आलं, ते कुणालाच सांगता यायचं नाही.

1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाइन अपुरं पडलं. डॉ. दिलीप महालनाबिस यांनी लिटरमागे 22 ग्रॅम ग्लुकोज, 3.5 ग्रॅम मीठ आणि 2.5 ग्रॅम खाण्याचा सोडा असं मोजून द्रावण केलं आणि ते पाजायचं काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवलं. जवळपास 30 टक्क्यांवर असलेलं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या देखरेखीखाली 4 टक्क्यांच्या खाली आलं. डॉक्टर नसलेली माणसंही हे औषध नीट देऊ शकतात, हे त्या छावणीने दाखवून दिलं. पाड्यावरच्या ताई तेच काम पुढे नेत आहेत.

निघताना ताईंनी 14 दिवसांच्या झिंकच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, “अंगावरचं दूध बंद करू नका. शौचात रक्त दिसलं, पोर मलूल झालं किंवा काहीच पोटात ठरेना, तर लगेच दवाखान्यात आणा.”

कारखान्यात या औषधाची अर्धीच तयारी होते. उरलेली घरात, पाण्याच्या मापाने पुरी होते. म्हणून लहान मूल असलेल्या प्रत्येक घरी पुडीबरोबर लिटरचं ठरलेलं माप हवं आणि दुखणं यायच्या आधीच आईने, वडिलांनी, आजीने एकदा तरी हे द्रावण स्वतःच्या हाताने करून पाहायला हवं.