कॉरिगनचं पान कसं पाहावं

नाशिकमध्ये रद्दीच्या दुकानात ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा जुना गठ्ठा निघाला की गिऱ्हाईक आधी फॅन्टम शोधतं, मग मॅन्ड्रेक. सीक्रेट एजंट कॉरिगनचे अंक बरेचदा तळाशी पडून राहतात. माझ्या मते गठ्ठ्यातली सगळ्यात देखणी चित्रं याच अंकांत असतात. ती नेमकी कुठे पाहायची, हे कळायला अंक कसा तयार व्हायचा ते आधी समजून घ्यावं लागतं.

‘इंद्रजाल’ मार्च १९६४ मध्ये मुंबईत सुरू झालं. प्रकाशक बेनेट, कोलमन आणि कंपनी, म्हणजे टाइम्स ऑफ इंडियावाले. पहिले ३२ अंक फक्त फॅन्टमचे होते. मग किंग फीचर्स या अमेरिकन संस्थेचे बाकीचे नायक आले: मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप कर्बी आणि आपला कॉरिगन. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, त्याची चित्रं गोविंद ब्राह्मणिया यांची. सुरुवातीच्या कितीतरी अंकांची मुखपृष्ठंही याच ‘बी. गोविंद’ यांनी रंगवली. इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत निघणारं हे प्रकाशन १९९० मध्ये बंद पडलं.

कॉरिगन मुळात कॉमिक बुकसाठी काढलेलाच नव्हता. तो अमेरिकन वर्तमानपत्रांतल्या रोजच्या चित्रपट्टीचा नायक. १९३४ मध्ये ही पट्टी सुरू झाली तेव्हा लेखक होता डॅशिएल हॅमेट, चित्रकार अ‍ॅलेक्स रेमंड, आणि नायकाला नावही नव्हतं, नुसता ‘एक्स-९’. १९६७ मध्ये लेखक आर्ची गुडविन आणि चित्रकार अल विल्यमसन यांनी ती हाती घेतली आणि १९८० पर्यंत चालवली. संग्राहक शोधतात ते याच काळातलं काम.

आता या पट्टीचं पान कसं होतं ते बघू. रोज दोन-तीन, फार तर चार चौकटी. सोमवार ते शनिवार. वाचकाला कालचा भाग आठवत नसतो, म्हणून पहिल्या चौकटीत थोडी उजळणी. शेवटच्या चौकटीत उद्यासाठी अडकवून ठेवणारं काहीतरी: दार उघडतं, बंदुकीची नळी दिसते. समजा, एक कथा बारा आठवडे चालली. रोजच्या तीन चौकटी धरल्या तर २१६ चौकटी झाल्या. कॉमिकमध्ये कथेला २८ पानं आणि पानावर सहा चौकटी धरल्या, तर मावतात १६८. म्हणजे जवळजवळ पन्नास चौकटींवर कात्री. उजळणीच्या चौकटी सहज गळतात, पण तेवढ्याने भागत नाही. मग उरलेल्या चौकटींच्या कडा छाटायच्या, एखादी ताणायची, आडवी पट्टी उभ्या पानात बसवायची. त्यानंतर रंग, कारण मूळ पट्टी काळी-पांढरी. शेवटी भाषांतर. इंग्रजी मजकुरासाठी आखलेल्या फुग्यात देवनागरी बसवायची, तर वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना ओळीमागे जास्त उंची लागते.

एवढ्या कापाकापीतून विल्यमसन टिकला कसा? काळ्या शाईमुळे. त्याच्या चौकटीत काळा रंग नुसती सावली दाखवत नाही, तो चित्र उभं करतो. पुढे एक माणूस पूर्ण काळा, फक्त बाह्याकृती. मागे उजेडात बारीक रेघांनी काढलेली गल्ली किंवा विमानतळ. नजर आपोआप आत ओढली जाते. कडा छाटली, वर भडक पिवळा चढवला, तरी तो काळा आकार जागचा हलत नाही. कॉरिगनच्या कोटाची बाही बघा: कोपराशी चुण्यांचे दोन-तीन जाड फटकारे, प्रत्येक फटकारा टोकाकडे निमुळता होत केसाएवढा बारीक. ते ब्रशचं काम आहे. माणसांच्या उभं राहण्यात जिवंतपणा आहे, कारण तो ओळखीच्या लोकांना, प्रसंगी स्वतःलाही उभं करून फोटो काढायचा आणि त्यावरून चित्र बेतायचा. बारीक रेघेची किंमत नाशिककरांना वेगळी सांगायला नको. नोटा आणि मुद्रांक छापणारी प्रेस आपल्या नाशिकरोडलाच आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत हेरकथेचा दुसरा चित्रकार गाजत होता, जिम स्टेरँको. एकेकाळी जादूचे आणि बेड्यांतून सुटण्याचे प्रयोग करणारा हा माणूस मार्व्हलसाठी ‘निक फ्युरी, एजंट ऑफ शील्ड’ काढायचा. जून १९६८ च्या पहिल्या अंकाची पहिली तीन पानं त्याने एकाही शब्दाविना काढली. त्याआधी एप्रिलमध्ये ‘स्ट्रेंज टेल्स’च्या १६७ व्या अंकात त्याने सलग चार पानांवर एकच चित्र पसरवलं, ते पूर्ण पाहायचं तर दोन प्रती शेजारी ठेवाव्या लागतात! स्टेरँकोकडे अख्खं पान होतं आणि त्याने ते मनसोक्त वाकवलं. विल्यमसनकडे रोजची वीतभर पट्टी होती. नवलाई स्टेरँकोची जास्त, यात वाद नाही. पण रोज ठरल्या वेळी, इतक्या कमी जागेत, तेरा वर्षं ही प्रत राखणं मला जास्त अवघड वाटतं.

अंक विकत घेताना पहिल्यांदा मधली पानं उघडा. पिना गंजल्या की मधलं पान आधी सुटतं आणि नाशिकच्या पावसाळ्यात पिना गंजतातच. मग मागचं मुखपृष्ठ बघा. सुरुवातीच्या अंकांत तिथे भिंतीवर लावण्याजोगं चित्र असायचं, पोरं ते कापून घ्यायची. आतली कोडीबिडी कापलेली नाहीत ना, हेही पाहा. मग भिंग घ्या. रंगाचे ठिपके काळ्या रेघेच्या बाहेर सरकले असतील तर छपाईत रंग जुळलेले नाहीत. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, स्वस्त छपाईत ते व्हायचंच. मात्र काळी रेघच फुटलेली किंवा पुसट असेल, तर ती प्रत सोडा. विल्यमसनचं जे काही आहे ते त्या रेघेतच आहे.

या अंकांचा कागद हलका, त्यात लाकडातलं लिग्निन राहिलेलं. उजेड आणि हवा लागली की ते पिवळं पडतं, कागद आम्लधर्मी होऊन कडक होतो आणि घडीवर तुटतो. म्हणून अंक अंधाऱ्या, कोरड्या जागी उभे ठेवावेत, मागे आम्लविरहित पुठ्ठा घालून. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. तिचा चिकटा काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशन तर नकोच, ते पुन्हा काढता येत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर मराठी ‘इंद्रजाल’ सापडले, तर किलोवर देण्याआधी एकदा चाळून बघा. आणि कॉरिगनचा अंक निघाला, तर आधी फुगे न वाचता नुसती चित्रं पाहा.