कोड, मूलपेशी आणि चिकित्सालयीन चाचण्या : एक विवेचन

प्रस्तावना :

मुंबईची दमट हवा ज्यांना मानवत नसे अशा रुग्णांना हवापालटासाठी देवळाली कॅम्प येथे पाठविण्याची प्रथा जुनी आहे. छावणीच्या परिसरातील आरोग्यधामे तिची साक्ष देतात. कोरडी हवा, विश्रांती आणि सकस आहार एवढेच त्या काळी वैद्यांच्या हाती होते व त्याहून अधिकाचे वचन सहसा दिले जात नसे. आजच्या रुग्णासमोर मात्र ‘स्टेम सेल’ म्हणजेच मूलपेशी हा शब्द फार मोठे वचन घेऊन उभा राहतो. कोड या त्वचाविकाराच्या संदर्भात या वचनाचा शास्त्रीय आधार कितपत आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कोड संसर्गजन्य नाही आणि कुष्ठरोगाशी त्याचा काहीही संबंध नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच रंगपेशींवर हल्ला करते व त्या नष्ट झालेल्या जागी त्वचा पांढरी पडते. या विकाराने जिवाला धोका नसला तरी तो माणसाचे, विशेषतः विवाहयोग्य मुलीचे, जगणे अवघड करतो. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘नितळ’ (२००६) या चित्रपटाचा विषय हाच होता. पुण्यातील श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्या व्यक्तींना परस्परांचा आधार मिळवून देण्याचे कार्य करते. जेथे लाज आणि घाई आहे तेथे महागडा उपाय लवकर विकला जातो, हे वेगळे सांगावयास नको.

पेशीरोपणाचे तंत्र :

कोडावर पेशींच्या साहाय्याने करावयाचा जो उपचार बराच रुळला आहे, तो मुळात साधा आहे. मांडीवरील किंवा नितंबावरील निरोगी त्वचेचा अत्यंत पातळ तुकडा काढतात. ट्रिप्सिन या विकराच्या साहाय्याने त्यातील पेशी सुट्या करून त्यांचे द्रावण तयार करतात. डाग असलेल्या त्वचेचा वरचा थर घासून किंवा लेसरने काढून त्यावर ते द्रावण पसरतात व काही दिवस पट्टी बांधून ठेवतात. रंग उमटण्यास काही आठवडे, कधी काही महिने लागतात. लहान तुकड्यापासून त्याच्या अनेकपट क्षेत्र झाकता येते, हा या पद्धतीचा मोठा लाभ होय. फ्रान्समधील गोतिये व त्यांच्या सहकाऱ्याने १९९२ मध्ये या मार्गाचा पाया घातला. संजीव मुळेकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दीर्घकालीन पाठपुराव्याच्या अभ्यासातून शरीराच्या एकाच भागापुरत्या मर्यादित कोडात रंग वर्षानुवर्षे टिकू शकतो, असे दिसून आले.

येथेच शब्दांचा घोळ सुरू होतो. त्वचेच्या तळथरात तिच्या स्वतःच्या मूलपेशी असतात. केसांच्या मुळाशी रंगपेशींच्या मूलपेशी असतात, हे २००२ मध्ये जपानी संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले. त्यामुळे उपरोक्त द्रावणात काही मूलपेशी असणारच. परंतु तेवढ्यावरून त्या उपचाराला ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणणे म्हणजे शेवेच्या पुडीत मीठ आहे म्हणून तिला मिठाची पुडी म्हणण्यासारखे आहे. चरबीतून किंवा नाळेच्या रक्तातून काढलेल्या मूलपेशी टोचून कोड बरे होते, असे सिद्ध करणारी मोठी चाचणी अद्याप झालेली नाही.

चाचणी कशासाठी?

दक्षिण कोरियातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ॲटोपिक इसब असलेल्या ३४ प्रौढांना नाळेच्या रक्तातील मूलपेशी टोचून केलेल्या प्राथमिक चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अधिक मात्रा मिळालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रुग्णांत विकाराची तीव्रता निम्म्याने घटली होती. आशा वाढली. मात्र तिसऱ्या टप्प्यात जेव्हा निष्क्रिय औषधाशी तुलना झाली, तेव्हा अपेक्षित फरक आढळला नाही, असे २०१९ मध्ये जाहीर झाले. इसब स्वभावतःच वाढते व ओसरते. ओसरतीच्या काळात जे टोचले जाईल त्याला यश मिळाल्यासारखे वाटते. तुलनेचा गट नसेल तर हा भ्रम ना रुग्णाला कळतो, ना प्रामाणिक डॉक्टरला.

कोडाच्या बाबतीत तुलना करणे सोपे आहे, कारण एकाच व्यक्तीच्या दोन डागांपैकी एकावर पेशी पसरून दुसरा त्याविना ठेवता येतो. त्वचेच्या पेशींचे द्रावण रुग्णाजवळच तयार करणाऱ्या ‘रिसेल’ या साधनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जून २०२३ मध्ये कोडासाठी मान्यता दिली. ही मान्यताही स्थिर झालेल्या कोडापुरतीच आहे.

भारतातील नियमन :

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविकार व तत्सम मान्य आजारांतील रक्तमूलपेशींचे रोपण वगळता मूलपेशींचा अन्य वापर प्रायोगिक समजला जातो व तो मंजूर चाचणीतच करता येतो. नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियम, २०१९ यांनी मूलपेशींवर मोठी प्रक्रिया करून तयार केलेल्या उत्पादनास ‘नवीन औषध’ ठरविले आहे. चाचणीची नोंद भारताच्या चाचणी नोंदवहीत असावी लागते. २००७ मध्ये सुरू झालेली ही नोंदवही २००९ पासून बंधनकारक झाली व ती कोणासही पाहता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे. म्हणून प्रायोगिक मूलपेशींसाठी कोणी रुग्णाकडून लाखांत शुल्क मागत असेल, तर त्याच्याकडे प्रथम चाचणीचा नोंदणी क्रमांक, नीतिविषयक समितीची मंजुरी आणि मराठीतील संमतिपत्र मागावे. संमतिपत्र घरी नेऊन वाचण्यास वेळ मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

कोड पसरत असताना रोपण केल्यास नवीन रंगपेशीही नष्ट होण्याचा संभव असतो, शिवाय त्वचा काढलेल्या जागी नवा डाग उठू शकतो. म्हणूनच डाग निदान वर्षभर स्थिर असल्याखेरीज जाणकार शल्यचिकित्सक रोपणास सहसा तयार होत नाहीत. अशा रुग्णांसाठी अतिनील किरणांचे उपचार व टॅक्रोलिमससारखी मलमे वापरली जातात. २०२२ मध्ये अमेरिकेत रक्सोलिटिनिब हे मलमही खास कोडासाठी मान्य झाले. या साऱ्यांचा परिणाम दिसण्यास कित्येक महिने लागतात आणि हात-पायांच्या बोटांच्या टोकांवर तो बहुधा कमीच दिसतो.