कुंकवातला बोरॉन

जुन्या रीतीने कुंकू करायचे तर हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार लागतो. कुणी तुरटीही घालते. पिवळ्याचे लाल होते ते वरून रंग चढवून नव्हे, आतला रेणू बदलून. हळदीचा रंग कर्क्युमिनचा, आणि त्याच्या रेणूत मधोमध दोन ऑक्सिजन अणू जवळजवळ असतात. टाकणखारातला बोरॉन नेमका त्या दोघांना धरून बसतो. जपानच्या क्युशू विद्यापीठातील चिहाया अदाची यांच्या गटाने फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर २०१८ साली एक ओएलईडी, म्हणजे सेंद्रिय पदार्थाचा दिवा, जगापुढे मांडला. त्यातला प्रकाश देणारा रेणू कर्क्युमिनच्याच कुळातला, आणि त्याच्याही पोटात बोरॉन अगदी याच जागी बसवलेला आहे.

वाईच्या बाजारात हळकुंडांचा सौदा होताना रंग पाहिला जातो, तो कर्क्युमिनच्या सांगाड्यामुळे. दोन्ही टोकांना बेंझिनचे एकेक कडे, मध्ये सात कार्बनांची साखळी, आणि सगळीकडे एकाआड एक दुहेरी बंध. अशा रचनेत काही इलेक्ट्रॉन एका बंधाला चिकटून राहत नाहीत, ते सांगाडाभर पसरतात. पसरायला जागा जितकी लांब, तितकी त्यांना वरच्या पायरीवर जायला ऊर्जा कमी लागते. डांबरगोळीतल्या नॅप्थलीनमध्ये दोनच कडी असतात, म्हणून ती पांढरी. तशीच चार कडी ओळीने जोडली की नारिंगी टेट्रासीन होते, पाच जोडली की गर्द निळे पेंटासीन. आणि पेंटासीन नुसता रंग नाही, त्याचे ट्रान्झिस्टर बनतात. रंग आणि अर्धवाहकता एकाच पायरीच्या उंचीवर ठरतात. कर्क्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा-निळा प्रकाश गिळते. उरतो तो आपला पिवळा.

साखळी न लांबवताही पायरी खाली आणता येते. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर होतो आणि लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. साबणातला अल्कली रेणूवरचा एक हायड्रोजन काढून घेतो, एवढाच फरक. अदाचींच्या गटाने टोकांवरचे नेहमीचे गट काढून तिथे इलेक्ट्रॉन सहज देणारे नायट्रोजनयुक्त गट लावले. मधला बोरॉनवाला भाग ते ओढून घेतो. पायरी इतकी उतरली की प्रकाश ७२० नॅनोमीटरच्या आसपास, लालाच्या पार कडेला गेला. दुसराही फायदा झाला. विजेने चेतवलेले रेणू चारांतल्या तीन वेळा प्रकाश न देणाऱ्या अवस्थेत अडकतात. देणारा आणि घेणारा असे वेगळे काढले, की खोलीतल्या उष्णतेवरच ते तिथून सुटू शकतात. दिव्याची कार्यक्षमता १० टक्क्यांच्या जवळ गेली, आणि इतक्या गडद लालाला ती थोडीथोडकी नव्हे.

पण रेणू एकटा कितीही गुणी असो, वीज वाहायची तर तिला एका रेणूवरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. पेंटासीनचे रेणू एकमेकांना तिरके लागतात. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाच्या जॉन अँथनी यांनी त्याच्या मधल्या कड्याला दोन्ही बाजूंनी सिलिकॉनयुक्त जाडजूड गट जोडले, तेव्हा तेच रेणू भिंतीतल्या विटांसारखे सपाट बाजूंनी एकमेकांवर बसले, शिवाय द्रावकात विरघळू लागले. म्हणजे शाईसारखे पसरून ट्रान्झिस्टर करता येतात. मला स्वतःला हा भाग रंगापेक्षा जास्त नवलाचा वाटतो, कारण जोडलेले गट स्वतः वीज वाहत नाहीत, फक्त बाकीच्यांना नीट बसवतात.

या सगळ्या कुळाचे दुखणे एकच. मोकळे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनलाही आयतेच सापडतात. हळदीचा डाग उन्हात टाकला की उडतो, तो यामुळेच. साखळी तुटते आणि तुकड्यांत व्हॅनिलाच्या वासाचे व्हॅनिलिनसुद्धा निघते. ओएलईडीचे पडदे म्हणून हवा आणि ओल आत शिरणार नाही असे बंद करावे लागतात. वाईवरून गेलेली कृष्णा सांगलीजवळ हरिपूरला वारणेला मिळते. तिथल्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी हळदीसाठी हाच उपाय केला होता: जमिनीत खोल खणलेले पेव, हळद भरली की तोंड बंद. अंधार आहेच, आतला ऑक्सिजनही संपत जातो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. आधी पेटता कंदील सोडून तो विझतो का ते पाहत. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे निकामी झाली, आता बराचसा माल शीतगृहांत जातो.