‘नॅनो’ औषध : नाव तेच, औषध वेगळे

“डॉक्टर, नॅनो औषध म्हणजे प्रयोग तर नाही ना?” असे रुग्णांचे नातेवाईक मला हल्ली विचारतात. याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर. काही औषधे शंभरेक नॅनोमीटरच्या स्निग्ध गोलकांत बसवून शिरेतून देतात. या गोलकांना लायपोसोम म्हणतात. अशा पद्धतीच्या कर्करोगावरील ‘डॉक्सिल’ला अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळाली. तेव्हा सगळीच नॅनो औषधे प्रायोगिक नसतात.

२०२१ साली काळ्या बुरशीच्या साथीत आपण ‘अँफोटेरिसिन बी’ हे नाव ऐकले. साधे अँफोटेरिसिन मूत्रपिंडांना इजा करते. लायपोसोमल प्रकारात हा धोका पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही. त्याची किंमत मात्र कितीतरी जास्त असते.

गल्लत नको

साध्या औषधाची मात्रा वजनाच्या किलोमागे रोज सुमारे १ मिलिग्रॅम, तर लायपोसोमलची बहुधा ५ मिलिग्रॅम किंवा अधिक. लायपोसोमलच्या मात्रेत चुकून साधे औषध दिले गेले, तर हृदय बंद पडू शकते. म्हणून चिठ्ठीवर व कुपीवर पूर्ण नाव हवेच.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार, मान्य औषध नव्या वाहक पद्धतीने द्यायचे झाल्यास ते ‘नवे औषध’ मानले जाते व त्याला वेगळी परवानगी लागते. हे योग्यच आहे. कारण घटक तोच असला, तरी कणाचा आकार व आवरण बदलले की शरीरातील परिणाम बदलतो. त्याच वर्षी केंद्राने नॅनो औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. चाचणीत सहभागी झालेल्या व्यक्तीला चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार व भरपाई मिळण्याची तरतूद नियमांत आहे.

औषध कोणाला?

२०२१ च्या टंचाईत प्रश्न आला की कुप्या कमी आणि रुग्ण जास्त, तर आधी कोणाला द्यायचे? दिल्ली उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये केंद्राला याचे धोरण ठरवण्यास सांगितले व तरुण रुग्णांना प्राधान्य देण्याचा विचार मांडला. माझ्या मते असा निर्णय एकट्या डॉक्टरवर किंवा नातेवाइकांच्या ऐपतीवर सोडणे अन्यायाचे आहे. निकष आधी ठरलेले व सर्वांना माहीत असलेले हवेत.

आपण काय विचारावे?

उपचाराचे स्वरूप, धोके व पर्याय सांगूनच संमती घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले आहे. तेव्हा सही करण्यापूर्वी निःसंकोच विचारा : औषध साधे की लायपोसोमल? धोके कोणते? स्वस्त पर्याय आहे का? हा उपचार आहे की चाचणी? बिल व औषधाचे खोके जपून ठेवा. प्रश्न विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. तो रुग्णाचा हक्कच आहे.